निर्जंतुक प्राण्याचा प्रश्न : आतड्यातील जंतू, जनुकांची क्रियाशीलता आणि प्रतिकारशक्ती

इ. स. १८८५ हे वर्ष जंतुशास्त्राच्या इतिहासात पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लशीमुळे सर्वांच्या स्मरणात राहिले आहे. त्याच वर्षी घडलेल्या दोन लहान गोष्टींकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. म्युनिकमध्ये थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञांनी अर्भकांच्या विष्ठेतून एक दंडाकृती जंतू वेगळा काढून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे त्या जंतूला त्यांचेच नाव मिळाले. आणि पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी आपले सहकारी एमिल द्यूक्लो यांच्या एका निबंधाला जोडून एक छोटे टिपण सादर केले. द्यूक्लो यांचा निबंध वनस्पतींविषयी होता. जंतूंचा पूर्ण अभाव असलेल्या मातीत मिसळलेल्या सेंद्रिय द्रव्यांचा रोपांना उपयोग करून घेता येत नाही, असे त्यांनी दाखविले होते. पाश्चरांनी तोच विचार प्राण्यांकडे नेला. एखाद्या प्राण्याला जन्मापासून जंतुरहित अन्नावर वाढवून पाहावे, असे आपण विद्यार्थ्यांना सुचवीत आलो आहोत, आणि अशा स्थितीत जीवन अशक्य ठरेल अशी आपली पूर्वकल्पना आहे, असा त्यांच्या टिपणाचा आशय होता.

या प्रश्नाचे निर्णायक उत्तर मिळण्यास सुमारे साठ वर्षे लागली आणि ते पाश्चरांच्या विरुद्ध गेले. जंतूंवाचून प्राणी जगू शकतो. परंतु उत्तर हाती येताच असेही दिसून आले की, मूळ प्रश्नच अपुरा होता. जो प्राणी जंतूंवाचून जगतो, तो त्या जातीचा नेहमीचा प्राणी नसतो. त्याच्या आतड्याची घडण निराळी असते, आतड्याच्या अस्तरातील पेशींत कोणती जनुके जागी आणि कोणती निद्रिस्त याचा हिशेब निराळा असतो, आणि त्याची प्रतिकारयंत्रणा अर्धवट वाढलेली असते. यांपैकी रचनेतील फरक सूक्ष्मदर्शकाखाली १९३६ सालीच दिसला होता. त्याचा अर्थ लागावयास मात्र आणखी साठ वर्षे जावी लागली. पुरावा हाती असूनही एवढा विलंब का झाला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

पाश्चरांच्या कल्पनेला पहिला प्रत्यक्ष छेद बर्लिनमध्ये मिळाला. १८९५ साली जॉर्ज नटॉल व हान्स थीरफेल्डर यांनी गिनीपिगच्या मादीचे पोट उघडून पूर्ण दिवसांचे पिल्लू जंतूंचा स्पर्श होऊ न देता बाहेर काढले, त्याला निर्जंतुक पेटीत ठेवले, गाळलेली हवा पुरविली आणि निर्जंतुक दूध पाजले. हे दूध तासातासाला, रात्रंदिवस पाजावे लागत असे. आठ दिवसांनी प्रयोग थांबवून पिल्लाच्या आतड्याची तपासणी झाली, तेव्हा तीत एकही जंतू आढळला नाही. आठ दिवसांच्या आयुष्यावरून कोणताही मोठा निष्कर्ष काढणे धाडसाचे होते, हे उघड आहे. तथापि जीवन तात्काळ अशक्य होत नाही, एवढे तरी या प्रयोगाने सिद्ध झाले.

फ्रायबुर्ग येथील माक्स शोटेलियस यांना याच्या उलट अनुभव आला. १८९९ पासून पुढे जवळजवळ दहा वर्षे त्यांनी कोंबडीची पिल्ले निर्जंतुक स्थितीत वाढविण्याचा प्रयत्न केला. पिल्ले खात असत, पण खंगत जाऊन मरत असत. पाश्चरांचेच म्हणणे खरे, असा निर्वाळा शोटेलियस यांनी दिला आणि त्यांच्यापुढे जे दिसत होते त्यावरून दुसरा निर्वाळा देणेही कठीण होते. अन्न निर्जंतुक करण्यासाठी ते तापविताना त्यातील जीवनसत्त्वेही नष्ट होतात, हे त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते, कारण जीवनसत्त्वांची कल्पनाच अद्याप आकारास आलेली नव्हती. ती पिल्ले जंतूंच्या अभावी मेली नसून मुख्यतः उपासमारीने मेली, असे आज म्हणता येते. १९१२ साली पॅरिसमध्ये मिशेल कोहेंडी यांनी कोंबडीची निर्जंतुक पिल्ले कित्येक आठवडे सुस्थितीत वाढवून दाखविली, तेव्हा वादाचा तोल पुन्हा दुसऱ्या बाजूला झुकला.

कोहेंडी ज्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करीत होते, तेथेच एली मेच्निकॉफ यांचे वर्चस्व होते. आणि मेच्निकॉफ यांचे मत संस्थेच्या संस्थापकाच्या मताहून सर्वस्वी भिन्न होते. मोठे आतडे हा मानवाच्या शरीरातील निरुपयोगी व घातक अवशेष असून त्यात कुजविणाऱ्या जंतूंनी निर्माण केलेल्या विषांमुळे अकाली वार्धक्य येते, असे ते प्रतिपादन करीत. या जंतूंना आवर घालण्यासाठी आंबविलेले दूध प्यावे, हा त्यांचा उपदेश युरोपभर गाजला. लंडनमध्ये आर्बथनॉट लेन या शल्यचिकित्सकांनी तर रोग्यांची मोठी आतडी कापून काढण्यापर्यंत मजल मारली. मेच्निकॉफ यांनी १८८२ साली तारामाशाच्या डिंभात भक्षकपेशींचे कार्य ओळखले होते आणि प्रतिकारशक्तीला पेशींचा आधार मिळवून दिला होता. १९०८ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले. प्रतिकारशक्ती आणि आतड्यातील जंतू या दोन्ही विषयांवर अधिकार असलेला त्या काळातील हा एकमेव मोठा शास्त्रज्ञ. तरीही या दोन विषयांचा एकमेकांशी काही संबंध असेल, ही शंका त्यांच्या लेखनात प्रश्न म्हणून उभी राहिली नाही. याचे कारण वादाच्या स्वरूपातच सापडते. आतड्यातील जंतू उपकारक की अपकारक, एवढाच मुद्दा दोन्ही पक्षांना दिसत होता. जंतूंनी पोषक द्रव्ये पुरविली तर ते उपकारक, विषे निर्माण केली तर अपकारक. यजमान प्राण्याचे आतडे ही या व्यवहारात केवळ एक नळी होती आणि नळी स्वतः काही करीत नसते.

नळी काही करते, याचा पहिला पुरावा स्वीडनमधील लुंड येथून आला. ग्योस्टा ग्लिम्स्टेड्ट यांनी वाढविलेल्या निर्जंतुक गिनीपिगांवरील ग्रंथ १९३६ साली प्रसिद्ध झाला. ग्लिम्स्टेड्ट शरीररचनाशास्त्राचे अभ्यासक असल्यामुळे प्राणी जगला की मेला एवढ्यावर न थांबता त्यांनी त्याच्या ऊतींचे छेद घेतले. लसीकाग्रंथी व आतड्याच्या भिंतीतील लसीका-ऊती यांचे प्रमाण नेहमीच्या गिनीपिगांच्या तुलनेने अत्यंत घटलेले त्यांना आढळले. जंतुशास्त्राच्या इतिहासात हे वर्ष ज्या योग्यतेने नोंदले जावयास हवे, त्या योग्यतेने ते नोंदले गेलेले नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

यापुढील प्रगती ही बऱ्याच अंशी लोहारकामाची व नळकामाची प्रगती आहे. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात जेम्स आर्थर रेनियर्स यांनी १९२८ पासून पोलादी पृथक्कक्ष उभारण्यास प्रारंभ केला. वाफेच्या दाबाने संपूर्ण निर्जंतुक करता येईल असा पोलादी हौद, त्याला बसविलेले रबरी हातमोजे आणि अन्न आत नेण्यासाठी दुहेरी दारांची कोठी, अशी त्याची साधारण रचना असे. १९४० नंतरच्या दशकाच्या मध्यास त्यांच्याकडे उंदरांच्या वर्गातील मोठ्या प्राण्यांच्या, म्हणजे घुशीसारख्या प्रयोगशालेय रॅटांच्या, पिढ्यामागून पिढ्या निर्जंतुक स्थितीत जन्मू लागल्या. पाश्चरांच्या प्रश्नाचा निकाल येथे लागला. आईबापही निर्जंतुक व संततीही निर्जंतुक, याहून अधिक पुरावा मागण्यास जागा नव्हती. १९५७ साली याच विद्यापीठातील फिलिप ट्रेक्सलर यांनी पोलादाऐवजी लवचीक प्लॅस्टिकचा पृथक्कक्ष सिद्ध केला. त्यामुळे हा खर्चिक खटाटोप सामान्य प्रयोगशाळेच्याही आवाक्यात आला. विज्ञानाच्या इतिहासात कल्पनांना जे स्थान दिले जाते ते अशा पिशव्यांना क्वचितच दिले जाते. तथापि पुढील पन्नास वर्षांतील बहुतेक शोध या पिशवीतूनच बाहेर आले आहेत.

साधन हाती येताच निरीक्षणे भराभर जमा झाली. निर्जंतुक उंदराचे अंधांत्र, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आरंभीची पिशवी, कित्येक पटींनी फुगलेले असते. लहान आतड्याची भिंत पातळ असते. पायर यांच्या नावाने ओळखले जाणारे लसीकापुंज लहान व निस्तेज असतात. रक्तद्रवातील गॅमा ग्लोब्युलिनांचे प्रमाण कमी असते. बेंग्ट गुस्ताफसन यांनी १९५९ साली दाखविले की, के जीवनसत्त्व अन्नातून न दिल्यास निर्जंतुक रॅटांना रक्तस्राव होतो, तर नेहमीच्या रॅटांना ते जंतूंकडून मिळते. एब्राम्स, बॉवर व स्प्रिन्झ यांनी १९६३ साली निर्जंतुक उंदरांच्या आतड्यातील अस्तर नेहमीपेक्षा मंद गतीने नवे होते, हे दाखविले. आणि १९६८ साली क्रॅबे, हेरेमान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी इम्युनोग्लोब्युलिन ए हे प्रतिपिंड बनविणाऱ्या पेशी निर्जंतुक उंदरांच्या आतड्यात अत्यल्प असतात आणि नेहमीचे जंतू हीच त्यांच्या वाढीची प्रमुख प्रेरणा होय, असा निष्कर्ष मांडला. हे प्रतिपिंड आतड्याच्या श्लेष्म्यात स्रवते व जंतूंना भिंतीपासून दूर ठेवते. म्हणजे ज्यांना आवरावयाचे, तेच आवर घालणाऱ्या यंत्रणेला उभे करतात.

येथे थांबून पाहिले, तर १९६८ पर्यंत मुख्य तथ्ये बहुतेक सर्व उपलब्ध होती असे दिसते. पेशींची वाढ, अस्तराचे नूतनीकरण, प्रतिपिंडांची निर्मिती, या तिन्ही गोष्टी जनुकांच्या क्रियाशीलतेवाचून घडू शकत नाहीत. तरीही त्या काळच्या लेखनात जंतू आतड्याच्या जनुकांवर परिणाम करतात, असे स्पष्ट विधान आढळत नाही. आढळते ती निराळीच भाषा. निर्जंतुक आतडे हे 'अविकसित' आतडे आणि नेहमीचे आतडे हे सौम्य, मर्यादित दाहाच्या अवस्थेतील आतडे, असे काही विकृतिशास्त्रज्ञ म्हणत. दाह हा शब्द येथे फार महाग पडला. दाह म्हटला की जंतू उपद्रवी ठरतात आणि ऊती त्यांच्याविरुद्ध केवळ प्रक्षुब्ध होतात. त्या क्षोभात काही निवड आहे, कोणत्या जंतूला कोणते उत्तर द्यावयाचे याचा काही क्रम आहे, अशी शंका त्या शब्दात मावत नाही.

जनुकांच्या क्रियाशीलतेची भाषा दुसरीकडे घडत होती, आणि ती आतड्यातल्याच जंतूवर घडत होती, ही या इतिहासातील मोठी मौजेची गोष्ट होय. १९६१ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वा जाकोब व जाक मोनो यांनी जनुकांच्या नियमनाची उपपत्ती मांडली. परिस्थितीतील एखादे द्रव्य, उदाहरणार्थ दुधातील साखर, पेशीत शिरून जनुकांचा संच चालू वा बंद करू शकते, हा तिचा गाभा. ज्या जंतूवर त्यांनी हे काम केले तो एशेरिख यांनी अर्भकांच्या विष्ठेतून काढलेलाच जंतू. पण काचपात्रात वाढविताना तो आतड्यातला रहिवासी आहे ही गोष्ट अप्रस्तुत ठरली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये याहूनही विलक्षण योग जुळून आला होता. १९६४ साली तेथे व्हिन्सेंट ऑलफ्री, फॉकनर व मर्स्की यांनी असे सुचविले की, डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेले असते त्यांना ॲसिटिल गट जोडला गेला की जनुकांच्या लेखनाला वाव मिळतो. त्याच संस्थेत १९६५ साली रेने द्यूबो, रसेल शेडलर व त्यांचे सहकारी उंदरांच्या आतड्यातील जंतूंचे 'मूळचे रहिवासी' व 'पाहुणे' असे वर्गीकरण करीत होते. ठराविक जंतूंचा संच निर्जंतुक उंदरांना देऊन त्यांचा अभ्यास करण्याची शेडलर यांची पद्धत याच काळातील. एका संस्थेत, लागोपाठच्या दोन वर्षांत झालेली ही दोन कामे परस्परांना भेटावयास अर्धशतक लागले. याचा दोष कोणाला देण्याचे कारण नाही. उंदराच्या आतड्यातील हजारो जनुके एकाच वेळी वाचण्याचे साधनच तेव्हा नव्हते.

मधल्या काळात जंतूंच्या महत्त्वाची बाजू मांडणाऱ्यांनी संख्येचा आधार घेतला. मानवी शरीरात पेशींच्या दसपट जंतू असतात, हे १९७२ मधील एका ढोबळ अंदाजावरून आलेले विधान जवळजवळ चाळीस वर्षे पाठ्यपुस्तकांत फिरत राहिले. २०१६ साली सेंडर, फुक्स व मिलो यांनी हिशेब नव्याने मांडून हे प्रमाण साधारण समसमान असल्याचे दाखविले. प्रभाव हा संख्येचा नसून संकेताचा प्रश्न आहे, हे तोपर्यंत पुरेसे स्पष्ट झाले होते.

हा संकेत प्रथम नेमकेपणाने पकडला गेला तो अमेरिकेतील सेंट लुई येथे. जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत लिन ब्राय, पेर फाल्क व स्वीडनचे टोरे मिड्टवेट यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेले काम मांडणीला साधे आहे. उंदराच्या लहान आतड्याच्या अस्तरावर फ्युकोज नावाच्या शर्करेचे आवरण असते. निर्जंतुक पिल्लांत ते काही काळ दिसू लागते व दूध सुटण्याच्या सुमारास नाहीसे होते. अशा उंदराला बॅक्टेरॉइडीस थेटायोटाओमायक्रॉन हा एकच जंतू दिला की ते पुन्हा उत्पन्न होते. हा जंतू फ्युकोजवर उपजीविका करतो. ज्या उत्परिवर्तित जंतूला फ्युकोजचा वापर करता येत नाही, त्याला हे आवरण उत्पन्न करविता येत नाही. या शेवटच्या वाक्यात सर्व मर्म आहे. यजमानाची ऊती येथे सरसकट प्रक्षुब्ध होत नाही. विशिष्ट क्षमता असलेल्या जंतूच्या उपस्थितीत ती विशिष्ट जनुक चालू करते. 'दाह' हा शब्द या ठिकाणी सर्वस्वी निरुपयोगी ठरतो.

२००१ साली त्याच प्रयोगशाळेतून लोरा हूपर व सहकाऱ्यांनी याच जंतूचा प्रयोग व्यापक केला. निर्जंतुक उंदरांना हा एकच जंतू देऊन दहा दिवसांनी त्यांच्या लहान आतड्यातील सुमारे पंचवीस हजार जनुकांची क्रियाशीलता डीएनए मायक्रोॲरेने मोजण्यात आली. अन्नशोषण, अस्तराची बळकटी, विषारी द्रव्यांची विल्हेवाट, रक्तवाहिन्यांची वाढ अशा अगदी भिन्न कार्यांची जनुके एका जंतूच्या आगमनाने बदलली. अस्तराच्या बळकटीशी संबंधित एका जनुकाची क्रियाशीलता तर दोनशेपटींहून अधिक वाढली. मेदाच्या पचनास लागणाऱ्या कोलायपेजचे जनुक वाढले. इम्युनोग्लोब्युलिन ए ला पेशीच्या आतून आतड्याच्या पोकळीत वाहून नेणाऱ्या ग्राहकाचे जनुकही वाढले. क्रॅबे व हेरेमान्स यांनी पेशी मोजून जे पाहिले होते, त्याची दुसरी बाजू येथे जनुकांच्या यादीत उमटली. उलट औषधी व विषारी द्रव्यांना बाहेर टाकणारी काही जनुके मंदावली. ग्लिम्स्टेड्ट यांच्या छेदांना पासष्ट वर्षांनी भाष्य मिळाले, असे या निबंधाविषयी म्हणता येईल.

जंतूंची चाहूल पेशीला कशी लागते, हा पुढचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर प्रतिकारशास्त्रातून आले. १९९६ साली ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत फळमाशीतील टोल नावाचे जनुक बुरशीविरुद्धच्या प्रतिकाराला आवश्यक असल्याचे दिसले. पुढील दोन वर्षांत मेझिटॉव्ह व जेनवे आणि स्वतंत्रपणे ब्रूस बॉइटलर यांनी सस्तन प्राण्यांतील तत्सम ग्राहकांचे कार्य उघड केले. हे ग्राहक जंतूंच्या भिंतीतील द्रव्ये ओळखतात. ते शत्रूची सूचना देणारे पहारेकरी होत, अशी सर्वसाधारण समजूत होती. २००४ साली राकॉफ-नाहूम, मेझिटॉव्ह व सहकाऱ्यांनी तिला धक्का दिला. या ग्राहकांचा संदेश ज्या उंदरांत पुढे जात नाही, त्यांच्या आतड्याला रसायनाने इजा केली असता ती भरून येत नाही आणि प्रतिजैविकांनी ज्यांचे नेहमीचे जंतू नष्ट केले आहेत त्या उंदरांचीही तीच गत होते. पहारेकरी दिवसरात्र रहिवाशांशी बोलत असतो, आणि त्या बोलण्यावर घराची डागडुजी अवलंबून असते.

या संवादातून निघणाऱ्या शस्त्रांपैकी रेग थ्री गॅमा या प्रथिनाचा अभ्यास विशेष उद्बोधक आहे. जंतूंच्या उपस्थितीत अस्तरातील पेशी ते स्रवतात आणि ग्रॅम-धन जंतूंच्या भिंतीला चिकटून ते त्यांना मारते, हे २००६ साली हूपर यांच्याच गटाने दाखविले. २०११ साली वैष्णव व सहकाऱ्यांनी या प्रथिनाच्या अभावी काय होते ते पाहिले. नेहमीच्या उंदराच्या लहान आतड्यात अस्तर व जंतू यांच्यामध्ये सुमारे पन्नास मायक्रोमीटरांची एक निर्मनुष्य पट्टी असते. हे प्रथिन नसले की ग्रॅम-धन जंतू ती ओलांडून अस्तराला भिडतात.

तथापि सर्वच जंतू या पट्टीच्या पलीकडे राहत नाहीत, आणि जो एक राहत नाही त्यानेच प्रतिकारशास्त्रज्ञांना मोठा धडा दिला. न्यूयॉर्कमधील डॅन लिटमन यांच्या प्रयोगशाळेत असे आढळले की, एकाच वाणाचे उंदीर दोन निरनिराळ्या पैदासकेंद्रांतून आणले, तर त्यांच्या आतड्यात टीएच-१७ या टी-पेशींचे प्रमाण अगदी भिन्न असते. वंश एक, खाणे जवळजवळ एक, मग फरक कशाचा? २००९ साली इव्हानॉव्ह व सहकाऱ्यांनी उत्तर दिले. एका केंद्रातील उंदरांत खंडयुक्त तंतुजंतू होते, दुसऱ्यांत नव्हते. जपानमधील उमेसाकी यांनी या लांबट जंतूंचा अभ्यास पूर्वीपासून चालविला होता. ते शेषांत्राच्या अस्तरात टोक रोवून राहतात, आणि हा निकट स्पर्शच टीएच-१७ पेशींच्या वाढीची प्रेरणा ठरतो. या पेशी आतड्यातील रोगजंतूंविरुद्ध उपयोगी पडतात, पण सांध्यांचा दाह व चेतासंस्थेवरील स्वयंप्रतिकारी विकार यांना वश असलेल्या उंदरांत त्याच जंतूने रोग बळावतो, असे २०१० व २०११ च्या प्रयोगांत दिसले. उपकारक की अपकारक, हा पाश्चर-मेच्निकॉफ काळातला प्रश्न येथे निरर्थक होतो. शिवाय, कित्येक वर्षे 'एकाच वाणाचे उंदीर' वापरून काढलेले निष्कर्ष प्रत्यक्षात दोन भिन्न जंतुसमूहांवरचे असतील, ही अस्वस्थ करणारी शक्यताही पुढे आली. आजही जंतुसमूहाची नोंद न देता प्रसिद्ध होणारे प्रतिकारशास्त्रीय निबंध या दृष्टीने तपासून घेतले पाहिजेत.

चेतविणाऱ्या पेशींप्रमाणेच आवरणाऱ्या पेशींचीही गोष्ट निघाली. प्रतिकारयंत्रणेला लगाम घालणाऱ्या नियामक टी-पेशींचे अस्तित्व शिमोन साकागुची यांनी १९९५ साली दाखवून दिले होते. त्यांना व त्यांच्या दोन अमेरिकी सहविजेत्यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०११ साली केन्या होंडा, अताराशी व सहकाऱ्यांनी क्लोस्ट्रिडियम वर्गातील सेहेचाळीस वाणांचा संच उंदरांना दिला असता मोठ्या आतड्यात या नियामक पेशी वाढतात, असे सिद्ध केले. दोन वर्षांनी मानवी विष्ठेतून निवडलेल्या सतरा वाणांनीही तेच कार्य केले.

हे जंतू प्राणवायूवाचून जगतात आणि तंतुमय अन्न आंबवून लघुशृंखल मेदाम्ले निर्माण करतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्लाचा इतिहास लांबचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शेव्रल यांनी ते लोण्यातून काढले, म्हणून त्याला लोण्याचेच नाव पडले. जुनाट झालेल्या लोण्याचा उग्र वास तो याचाच. १८६१ साली पाश्चरांनी या आम्लाच्या किण्वनाचा अभ्यास करतानाच प्राणवायूवाचून जगणारे जीव प्रथम ओळखले. १९७७ साली रिग्ज व सहकाऱ्यांना काचपात्रातील पेशींना ब्युटिरेट दिले असता हिस्टोनांवर ॲसिटिल गट साचतात असे आढळले. ते गट काढून टाकणाऱ्या डीॲसिटिलेज एंझाइमांना ब्युटिरेट रोखते, हे लवकरच स्पष्ट झाले. १९८० साली रोडिगर यांनी मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशी ब्युटिरेटचा इंधन म्हणून वापर करतात, हे दाखविले. तरीही हे तीन धागे वेगवेगळ्या विभागांत पडून राहिले. पाश्चरांचे काम किण्वनशास्त्रात, रिग्ज यांचे पेशीशास्त्रात, रोडिगर यांचे शल्यविभागात. २०१३ साली जपान व अमेरिकेतील तीन गटांनी, जवळजवळ एकाच वेळी, त्यांची गाठ मारली. जंतूंनी निर्मिलेली लघुशृंखल मेदाम्ले नियामक टी-पेशींची वाढ घडवितात असे तिन्ही गटांना दिसले. त्यांपैकी ब्युटिरेटच्या बाबतीत, त्या पेशींचे प्रमुख जनुक फॉक्सपी-थ्री याच्या जागी हिस्टोनांचे ॲसिटिलीकरण वाढते, असे निष्पन्न झाले. ऑलफ्री यांची उपपत्ती आणि द्यूबो यांचे रहिवासी जंतू यांची भेट झाली ती येथे.

हा मुक्काम आकर्षक असल्यामुळे त्याच्या मर्यादा सांगणे अगत्याचे आहे. जंतू जनुकांची क्रियाशीलता बदलतात म्हणजे ते क्रोमॅटिनाची सर्व मांडणीच बदलतात, अशी एक कल्पना झपाट्याने पसरली. २०१४ साली जॉन रॉल्स यांच्या प्रयोगशाळेतून कॅम्प व सहकाऱ्यांनी निर्जंतुक व नेहमीच्या उंदरांच्या अस्तरपेशींतील क्रोमॅटिनाचे खुले भाग ताडून पाहिले, तेव्हा ते बहुतांशी सारखेच निघाले. दारे दोन्हीकडे तीच उघडी होती. त्यांतून आत जाणारे लेखन-नियामक घटक मात्र निराळे होते. २०१७ साली याच गटाने एचएनएफ-४ आल्फा हा एक प्राचीन नियामक जंतूंच्या उपस्थितीत दबला जातो, असे झेब्रामाशात व उंदरात दाखविले. दाहाच्या विकारांत जी जनुके बिघडतात त्यांपैकी कित्येक याच नियामकाच्या ताब्यातील आहेत, म्हणून या निष्कर्षाला केवळ तात्त्विक महत्त्व नाही. तथापि उंदरावरून मानवाकडे जाताना जी सावधगिरी हवी ती या क्षेत्रात सर्वत्र पाळली जाते, असे म्हणवत नाही. निर्जंतुक मनुष्य अस्तित्वात नसतो. मानवावरील अभ्यास बहुधा सहसंबंधांचे असतात, आणि आजाराने जंतू बदलले की जंतूंनी आजार आणला, हे सहसंबंधावरून ठरत नाही.

डीॲसिटिलेज एंझाइमांच्या बाबतीत तर चित्र अद्याप परस्परविरोधी आहे. २०१३ साली अलेंघाट व सहकाऱ्यांनी अस्तरपेशींतील एचडीएसी-३ हे एंझाइम नाहीसे केले असता आतड्याचे जंतूंशी असलेले सौहार्द बिघडते, असे दाखविले. २०१९ साली कुआंग, हूपर व सहकाऱ्यांना आढळले की, जंतूंच्या उपस्थितीमुळेच अस्तरपेशींत या एंझाइमाची निर्मिती वाढते, आणि त्यामुळे दिवस व रात्र यांबरोबर हिस्टोनांच्या ॲसिटिलीकरणात भरती-ओहोटी होते. निर्जंतुक उंदरांत ही लय जवळजवळ नसते, आणि मेदाचे शोषणही कमी होते. म्हणजे जे एंझाइम ब्युटिरेट रोखते, त्याचाच एक भाऊ जंतूंकडून वाढविला जातो. २०२० साली अलेंघाट यांच्या गटाने यात आणखी एक दुवा घातला. धान्ये व कडधान्ये यांत विपुल असलेल्या फायटेटपासून जंतू जे इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट तयार करतात, ते एचडीएसी-३ ची क्रिया वाढविते व ब्युटिरेटच्या प्रभावाला विरोध करते. एकाच ताटातील तंतू व फायटेट यांच्यापासून निघालेले हे दोन संदेश एकाच एंझाइमाला उलट दिशांनी ओढतात. कोणत्या पेशीत, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि कोणत्या जंतूंच्या संगतीत कोणता संदेश वरचढ ठरतो, हे शोधण्याचे काम आता निर्जंतुक उंदराला एक नव्हे, तर दोन-दोन जंतू बेतून देणाऱ्या प्रयोगांकडे आले आहे.